वेशीवरचा पहारा आणि घरातली यादी

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही, तो एका श्रोत्यानं आमच्यापुढे ठेवला आहे. मागच्या व्याख्यानानंतर वाशिमच्या एका तरुणाचा निरोप आला. तो एका कार्यालयात संगणकाचं काम पाहतो. त्यानं लिहिलं होतं, “सर, आमच्याकडे ‘झीरो ट्रस्ट’ पद्धत आणायचं ठरलं आहे. सल्लागार म्हणतात, आधी तुमच्या सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टींची यादी द्या. तीन महिने झाले, यादीच होत नाही. प्रत्येक विभाग म्हणतो, आमचं सगळंच महत्त्वाचं. तुम्ही इतिहास सांगता, तत्त्वज्ञान शिकवलं आहे. यावर काही सांगता येईल का?”

आता आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. संगणक आमच्या आयुष्यात आला तोवर केस पिकले होते. पण हा प्रश्न मुळात संगणकाचा नाहीच, असं आम्हांला वाटतं. काय राखायचं हे ठरवल्याशिवाय कसं राखायचं ते ठरत नाही, हा फार जुना पेच आहे. आणि त्याची गोष्ट याच वाशिम जिल्ह्यात, कारंज्यात घडलेली आहे. तिथूनच सुरुवात करू.

कारंजा लाड म्हटलं की दत्तभक्तांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान आठवतं, जैन मंडळींना तिथली जुनी मंदिरं आठवतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना कस्तुरीच्या हवेलीची दंतकथा. बांधकामाच्या मातीत कस्तुरी कालवली होती म्हणे! दंतकथा सोडा, पण ती अशाच गावाबद्दल तयार होते जिथे पैसा होता. कारंजा ही वऱ्हाडातली श्रीमंत पेठ होती. आजही गावात फिरताना दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस अशा वेशी भेटतात. वेस या शब्दाला आज आपल्याला फार काम आहे, तो लक्षात ठेवा.

१६७० च्या डिसेंबरात या कारंज्यावर मराठ्यांची धाड आली. जदुनाथ सरकारांनी शिवचरित्रात दिलेली हकीकत अशी : प्रतापराव गुजरांची फौज खानदेशातून बऱ्हाणपूरजवळचं बहादूरपुरा लुटून वेगानं वऱ्हाडात उतरली आणि कारंज्यावर अचानक पडली. उंची कापड, सोनं, चांदी मिळून एक कोटीचा ऐवज चार हजार बैलगाढवांवर लादून नेला. गावातले सगळे धनिक खंडणीसाठी धरले. त्यांतला सर्वांत बडा मात्र निसटला. कसा? बाईच्या वेषात. बायांना हात लावायचा नाही हा महाराजांचा दंडक सर्वांना ठाऊक होता, सावकारालाही!

शाळेत आपण ही गोष्ट मोहिमेच्या बाजूनं शिकलो, आणि त्या पराक्रमाचा अभिमान आपल्याला आहेच. पण आज घटकाभर कारंज्यातल्या सावकाराच्या ओसरीवर बसून पाहू. हा माणूस गाफील का राहिला? तो मूर्ख नव्हता. त्याचा भरवसा अंतरावर होता. वऱ्हाड मोगलांचं, वाटेत मोगलांची ठाणी, मराठे तिकडे सह्याद्रीत. इतक्या आत कोण येणार? तिजोरीला कुलूप असेलही, पण खरं कुलूप होतं ते शे-दीडशे कोसांचं. ते उघडलं, आणि मग आत सगळं मोकळंच होतं.

याच्या दोनच महिने आधी सुरतेत काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. सुरत पहिल्यांदा लुटली गेली जानेवारी १६६४ मध्ये. त्या वेळी शहराला धड तट नव्हता. शहराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. कागदावर त्याच्याकडे पाचशे शिपाई होते. त्यांचा पगार सरकारातून येत होता आणि त्याच्याच खिशात जात होता. पुढे बादशहाच्या हुकमानं शहराभोवती तट बांधला गेला. झालं, आता सुरत सुरक्षित! ऑक्टोबर १६७० मध्ये महाराज पुन्हा आले. तट होता, पण राखायला माणसं सुमारे तीनशे. शहर पुन्हा लुटलं गेलं.

दोन्ही वेळा वाचलं कोण? इंग्रजांची वखार. १६६४ साली जॉर्ज ऑक्सेंडन आणि १६७० साली स्ट्रेनशॅम मास्टर यांनी मूठभर माणसांनिशी ती राखली. अख्खं सुरत राखण्याचा विचार त्यांनी केलाच नाही. आपलं काय आहे, ते कोणत्या चार भिंतींच्या आत आहे, आणि तेवढ्यासाठी आपल्याकडे किती माणसं आहेत, इतकंच पाहिलं. मोठा तट अपुऱ्या माणसांनी राखला जात नाही, लहान वाडा राखता येतो. हल्लेखोरालाही तिथे वेळ घालवणं परवडत नाही.

मंडळी, ‘झीरो ट्रस्ट’चा अर्धा अर्थ इथेच संपला. संगणकांच्या जाळ्याला पूर्वी एकच तट असे. फायरवॉल म्हणजे वेशीवरचा पहारेकरी. वेशीतून आत आला तो आपला माणूस, त्याला कोणत्याही वाड्यात जायची मुभा. पुढे लोक घरून काम करू लागले, मोबाइल आले, माहिती दुसऱ्याच्या संगणकावर ठेवली जाऊ लागली. वेस कुठे आहे हेच कळेना. २००४ साली मोठमोठ्या कंपन्यांचे सुरक्षा-अधिकारी ‘जेरिको फोरम’ या नावानं एकत्र आले. जेरिको म्हणजे बायबलमधलं तट कोसळलेलं शहर, नावातच त्यांनी सगळं सांगून टाकलं. २०१० साली जॉन किंडरवाग या अभ्यासकानं ‘झीरो ट्रस्ट’ या नावानं विचार मांडला : आतला-बाहेरचा हा भेद सोडा, प्रत्येक मागणी दर वेळी तपासा. अमेरिकेच्या मानक-संस्थेनं ऑगस्ट २०२० मध्ये त्याची रीतसर मांडणी प्रसिद्ध केली. किंडरवागचा आग्रह एका गोष्टीवर आहे. हल्ला कुठून कुठून येईल हे मोजत बसू नका, त्याला अंत नाही. काय राखायचं ते आधी ठरवा, आणि ते जितकं लहान ठरवता येईल तितकं लहान ठरवा.

म्हणजे आपल्या तरुण मित्राची यादी. ती का होत नाही, ते आता बघू.

पहिलं कारण असं की यादी करणं म्हणजे काहीतरी वगळणं, आणि वगळायला कुणी तयार नसतं. इथे आम्हांला जून १६६५ चा पुरंदरचा तह आठवतो. मिर्झाराजे जयसिंगांपुढे महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा राहिले. विचार करा, प्रत्येक किल्ल्यामागे रक्त होतं. कोणता किल्ला कमी महत्त्वाचा म्हणायचा? पण पुरंदर दिला, कोंढाणा दिला, राजगड राखला. जे बारा राहिले त्यांच्या आधारावर पाच वर्षांत गेलेलं बरंचसं परत आलं. कोंढाणा फेब्रुवारी १६७० मध्ये परत आला. ती वेळ शत्रूनं आणली होती. आपल्याला तीच निवड शांतपणे, चहा पीत करता येते, तरी आपण करत नाही. सगळंच अतिमहत्त्वाचं असं ज्या यादीत लिहिलं आहे तो नुसता सामानाचा कागद असतो, त्याला यादी म्हणता येत नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. आपण किमतीला महत्त्व समजतो. यासाठी एक घरगुती अनुभव सांगतो. आम्ही नोकरीला लागलो त्या काळात एका गावातल्या शाळेच्या कामाशी आमचा संबंध आला. नाव सांगत नाही. शाळेत एक कुलूपबंद खोली होती. तिच्यात टाइपरायटर, हार्मोनियम, स्पर्धांच्या ढाली आणि नकाशे. किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला! आणि व्हरांड्यातल्या उघड्या फळीवर काय होतं? जुनी दाखल-खारीज रजिस्टरं. एका पावसाळ्यात फळीला वाळवी लागली आणि तीन रजिस्टरांचा भुसा झाला. कुणाला हळहळही वाटली नाही. वीस वर्षांनी गावातला एक मुलगा आमच्याकडे आला. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी त्याला आजोबांची शाळेतली नोंद हवी होती. आजोबा त्याच शाळेत शिकले होते, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. कागदाला मात्र माहीत नव्हतं. त्याची अभियांत्रिकीची जागा गेली. हार्मोनियम अजून आहे, तिचा भाता फाटला आहे.

किंमत आणि गरज यांतला हा फरक आहे. टाइपरायटर चोरीला गेला असता तर दुसरा आणता आला असता. रजिस्टर आणता येत नाही, कारण ती ‘कोण कोणाचा’ याची एकमेव साक्ष होती. साक्ष नेहमी स्वस्त दिसते. जुना कागद, शाई, पुठ्ठा. तिच्यावर काय काय टेकलेलं आहे ते ती गेल्यावर कळतं.

हीच गोष्ट जगातल्या बलाढ्य कंपनीच्या बाबतीतही घडली. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा संगणकी विध्वंस सुटला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत प्रतीबरोबर पसरला, म्हणजे विश्वासू माणसाच्या हातून आला. मर्स्क ही जहाजकंपनी त्यात सापडली, आणि आपल्या न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचं काम थांबलं. क्रेन शाबूत, कंटेनर शाबूत, जहाजं शाबूत. पण कोणता कंटेनर कुणाचा आणि कुठे जायचा, हे सांगणारं काही उरलं नव्हतं.

मर्स्कनं माहितीच्या प्रती ठेवल्या होत्या. पण जाळ्यात कोण कोण आहे आणि कुणाला कुठे जायची परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. त्यांना डोमेन कंट्रोलर म्हणतात. म्हणजे कंपनीचं दाखल-खारीज रजिस्टरच! ते एकमेकांची प्रत होते, म्हणून त्यांची वेगळी प्रत ठेवायचं कुणाला सुचलं नाही. सगळे एकदम पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेत घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. लोडशेडिंगनं कुणाचं इतकं भलं केल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. ती माहिती माणसांकरवी इंग्लंडला नेली आणि तिच्यावर कंपनी पुन्हा उभी राहिली. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं.

तिसरं कारण : आपण वस्तू मोजतो, ‘होकार’ मोजत नाही. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचं उदाहरण घ्या. ११ ते १३ ऑगस्ट २०१८ या तीन दिवसांत बँकेचे ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. अठ्ठावीस देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, आणि सुमारे चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात पाठवले गेले. लोकांना वाटतं तिजोरी फोडली. तसं झालं नाही. एटीएम पैसे देण्याआधी बँकेला विचारतं, देऊ का? ही विचारणा पोहोचवून उत्तर आणणारी मधली यंत्रणा म्हणजे स्विच. चोरांनी खऱ्या स्विचच्या जागी खोटा उभा केला. तो बँकेला काही विचारतच नव्हता, सरळ ‘द्या’ म्हणत होता. खातेदारांची खाती जिथे असतात ती मूळ यंत्रणा जागच्या जागी होती. लुटला गेला तो होकार.

म्हणून यादी करताना ‘आपल्याकडे काय आहे’ एवढंच विचारून भागत नाही. ‘हो’ कोण म्हणतं, आणि त्याच्या हो वर कोण कोण डोळे मिटून चालतं, हेही विचारावं लागतं. कारंज्याच्या धाडीतही हेच झालं, फक्त उलट बाजूनं. सैनिकांनी लुगडं पाहिलं आणि सोडलं. वेष पाहिला, ओळख पटवली नाही. इतक्या हुशार फौजेचा सर्वांत मोठा ऐवज असा त्यांच्या डोळ्यांदेखत चालत निघून गेला.

इथे आमच्या शास्त्रातलं थोडं सांगू द्या. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधा येईपर्यंत ते खरंच धरायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञान खरं आहे हे दुसऱ्या कशावरून तरी पटवावं लागतं. हे परतःप्रामाण्य. मीमांसकांचा नैयायिकांना जुना टोला आहे : प्रत्येक गोष्ट तपासायची तर तपासणीची तपासणी कोण करणार? अनवस्था होईल, कुठे थांबायचंच नाही. झीरो ट्रस्टवरही हाच आक्षेप येतो, आणि त्याचं व्यवहारातलं उत्तर यादीत आहे. सगळंच नैयायिकासारखं तपासता येत नाही. रोजचा संसार मीमांसकाच्या भरवशावरच चालतो. पण ज्या मोजक्या गोष्टींवर बाकी सगळं टेकलेलं आहे, तिथे नैयायिक व्हायचं. यादी तयार असेल तर तपासणीला सीमा येते. नसेल तर दोनच वाटा उरतात, आंधळा भरवसा किंवा सगळ्यांवर संशय.

संशयाबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. ‘शून्य विश्वास’ म्हटलं की कर्मचाऱ्यांना वाटतं, साहेब आपल्याला चोर समजतात. महाराजांच्या किल्ल्यांवरची व्यवस्था आठवा. हवालदार, सबनीस, सरनोबत असे बरोबरीच्या मानाचे अधिकारी, आणि कोठारावर कारखानीस. किल्ल्या एकाकडे, हजेरी-हिशेब दुसऱ्याकडे, फौज तिसऱ्याकडे. एकट्याच्या मनात आलं म्हणून किल्ला शत्रूला देता येत नसे. यात हवालदाराचा अपमान नव्हता. उलट त्याच्या मुलाला धरून कुणी त्याच्यावर दबाव आणला, तर ‘माझ्या एकट्याच्या हातात नाही’ असं तो खरेपणानं सांगू शकत होता. आज एखादा कर्मचारी आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दुसऱ्याला देतो, तेव्हा तो मैत्री करत नसतो. स्वतःच्या आणि त्याच्याही गळ्यात धोंडा बांधत असतो.

आणि हे आपल्या मातीत किती जुनं आहे! वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशिमला १९३९ साली सापडला. एक गाव दान दिल्याची ती नोंद आहे. त्यात सवलतींची यादी आहे, आणि तिच्यात एक अट अशी की राजाच्या शिपायांनी त्या गावात शिरायचं नाही. कुणाचे शिपाई? खुद्द दान देणाऱ्या राजाचे! आपली माणसं म्हणून सरसकट प्रवेश नाही. काय राखायचं, आणि त्यात कुणी पाऊल टाकायचं नाही, हे दोन्ही एकाच ताम्रपटात कोरून ठेवलं.

तर आमच्या मित्राला उत्तर. तू संगणकापाशी बसून यादी करू नकोस. रोज खिडकीवर बसणाऱ्या माणसांकडे जा. तलाठी, बाजार समितीतला मापारी, दवाखान्यातली परिचारिका, एकबुर्जीच्या पाण्याचा पंप सुरू करणारा माणूस, अशांना चार प्रश्न विचार. काय गेलं तर पुन्हा आणता येणार नाही? काय बंद पडलं तर किती तासांत लोक दारात येतील? ते कशावर टेकलेलं आहे? आणि त्याला हात लावायची खरी गरज कुणाला, किती वेळ असते? साहेबाला विचारलंस तर तो महाग गोष्टी सांगेल. मापारी सांगेल की सोयाबीनच्या दिवसांत दोन तास काटा आणि त्याची नोंद बंद पडली तर काय होतं. परिचारिका लसीच्या फ्रिजकडे बोट दाखवेल, एक्स-रे यंत्राकडे नाही. या उत्तरांतून पाच-सात नावं पुन्हा पुन्हा येतील. ती तुझी यादी. दर वर्षी ती पुन्हा वाच, कारण वाळवी सुट्टी घेत नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेव. लुटणाऱ्याची यादी नेहमी तयार असते. सुरतेची खबर बहिर्जी नाईकांनी आधी काढली होती, असं परंपरा सांगते. आजचा खंडणीखोरही तुमच्या जाळ्यात आठवडेच्या आठवडे हिंडून, तुम्ही कशावाचून जगू शकत नाही ते शोधतो. मग तेवढंच धरून ठेवतो, जसे कारंज्याचे धनिक धरले. त्याची यादी आधी होते आणि आपली नंतर, इतकाच काय तो हार-जितीतला फरक.

शेवट कारंज्यातच करू. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तिच्यात कारंज्याच्या जैन भांडारांतल्या पोथ्यांची नोंद आली. त्या नोंदीमुळे विद्वानांचं लक्ष तिकडे गेलं. मग कारंजा जैन ग्रंथमालेत १९३१ साली प. ल. वैद्यांनी पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ संपादून काढलं. १९३३ साली हिरालाल जैन यांनी ‘णायकुमारचरिउ’ आणि १९३४ साली ‘करकंडचरिउ’ काढलं. अपभ्रंश भाषा, जी आपल्या मराठीच्या घराण्यातली वडीलधारी, तिचं वाङ्मय असं उजेडात आलं.

त्या एक कोटीच्या ऐवजातला एक तागाही आज कुणाला दाखवता येणार नाही. त्या धाडीच्या यादीत पोथी नव्हती. ती वाचली याचं श्रेय वेशीला नाही. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी तिला गुंडाळून, ऊन दाखवून, जागच्या जागी ठेवत होतं, आणि एक दिवस कुणीतरी बसून तिचं नाव कागदावर उतरवलं.

आमच्या मित्रा, तुझी यादी तीन महिने अडली म्हणून खट्टू होऊ नकोस. उद्या सकाळी पहिलं नाव लिही. पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.